मोतीरामची गोष्ट गाळली तेव्हा

विजयमाला डोंगरेचं अक्षर चांगलं होतं आणि त्याहून चांगली होती तिची वाक्यं. सौसरजवळच्या एका सूतगिरणीत ती टाइम ऑफिसला कारकून होती. कोणाला रजेचा अर्ज लिहून हवा असला, कोणाच्या पोरीचा दाखला अडला, कोणाला साहेबाकडे तक्रार करायची पण शब्द सापडत नाहीत, की तो विजयमालाच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. ती ऐकून घ्यायची आणि चार ओळींत त्याचं म्हणणं असं मांडायची की तोच म्हणायचा, “हेच तं म्हणत होतो ना मी!”

राहायला ती पांढुर्ण्याला, आई सुशीलासोबत. वडील भाऊराव शाळेत शिपाई होते, ते जाऊन सात वर्षं झाली. आईचा जन्म कापूस वेचण्यात आणि संत्र्याच्या तोडीवर गेला. विजयमालाचं लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्याबद्दल ती बोलत नसे. बी. कॉम. झालेली घरातली ती पहिली. सकाळी गिरणीची बस यायची, तासाभरात सौसर. खिडकीजवळची जागा धरून ती डोळे मिटायची आणि गिरणीचा भोंगा ऐकू आला की उघडायची.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी गिरणीत मयूर सर मॅनेजर म्हणून आले. नागपूरचे, वय पस्तीसच्या आसपास, माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं की गिरणीतले तीन जुने फिटर एकाच वर्षात निवृत्त झालेत आणि प्रत्येक वेळी कुठलं ना कुठलं मशीन चार-चार दिवस बंद पडलंय. कारण कागदावर कुठे काही नाही. सगळं त्या माणसांच्या डोक्यात होतं.

“माणूस गेटबाहेर गेला की त्याच्याबरोबर सगळं जातं,” मयूर सर मीटिंगमध्ये म्हणाले. “ते जायच्या आधी काढून ठेवायचं.”

त्यासाठी त्यांनी गिरणीपुरतं एक ॲप आणलं. नाव ठेवलं ‘चौपाल’. फेसबुकसारखंच, पण फक्त गिरणीतल्या माणसांचं. प्रत्येकाचा फोटो, नाव, खाली तो कुठल्या विभागात आहे ते. कोणीही प्रश्न टाकावा, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यावं, आवडलं तर अंगठा दाबावा. पहिला महिना लोकांनी त्यावर फक्त शुभ सकाळची फुलं टाकली. मग एका दुपारी सूत कातायच्या रिंग फ्रेमवरच्या एका बाईनं विचारलं की अकरा नंबरच्या मशीनवर धागा सारखा तुटतोय, आणि घरी झोपलेल्या दुसऱ्या पाळीच्या माणसानं अंथरुणातूनच उत्तर दिलं. दहा मिनिटांत मशीन सुरू. त्या दिवसापासून लोकांना चौपालची गोडी लागली.

जुन्या लोकांचं ज्ञान मात्र आपोआप येईना. ज्यांना येत होतं त्यांना लिहिता येत नव्हतं. मयूर सरांनी विजयमालाला बोलावलं.

“तुम्ही लोकांचं लिहून देता म्हणे. चौपालसाठी लिहाल?”

ती खूश झाली. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले होते. आता गिरणी तिला लिहायला सांगत होती.

ज्या माणसाकडे तिला पाठवलं त्याचं नाव भिवाजी. रामाकोन्याचा, साठीला टेकलेला. कापूस विंचरायच्या कार्डिंग खात्यातल्या सहा जुन्या मशिनी त्याच्या भरवशावर चालायच्या. आधी तो नागपूरच्या एका गिरणीत होता, ती बंद पडल्यावर इकडे आला, तेव्हापासून ठेकेदाराकडूनच. बारा वर्षं झाली तरी तो ठेकेदाराचाच माणूस. पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून तो ऐकायचा आणि सांगायचा, कुठलं बेअरिंग आठ दिवसांत जाईल.

“तुमी लिहून राह्यल्या काय मॅडम?” पहिल्या दिवशी त्यानं विचारलं.

“हो काका. तुम्ही बोला, मी लिहिते.”

“मले तं सांगता येत नाई. मी करून दाखवतो.”

“करता करता बोला.”

आणि तो बोलायला लागला. विजयमाला रोज जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर त्याच्याबरोबर खात्यात उभी राहायची. केसांत कापसाचे तंतू घेऊन टेबलावर परतायची. भिवाजीला सरळ सांगता यायचं नाही हे खरंच होतं. श्रावणात हवा ओली झाली की कापूस कसा चिकटतो हे सांगताना तो रामाकोन्याच्या पुरात शिरायचा, तिथून मेहुण्याच्या दुकानात, तिथून परत मशीनपाशी यायचा. पण परत यायचा नक्की.

एके दिवशी त्यानं मशीनमध्ये अडकलेला कापसाचा गोळा कसा काढायचा ते दाखवलं. कार्डिंग मशीनच्या आत एक मोठा ढोल असतो, अंगभर बारीक तारेचे दात असलेला. गोळा अडकला की मशीन बंद करायचं, मागचं झाकण उघडायचं, गोळा डाव्या बाजूनं ओढायचा. उजवीकडून ओढला तर तुटतो आणि अर्धा आतच राहतो. एवढंच. पण भिवाजीनं बटण दाबलं आणि मशीनकडे पाठ करून उभा राहिला.

“आता मोतीरामची गोष्ट सांगतो,” तो म्हणाला.

“आत्ता?”

“आत्ताच सांगा लागते ते.”

मोतीराम त्याच्याबरोबर नागपूरच्या गिरणीत होता. गावोगावच्या खडी गंमतच्या खेळांत, म्हणजे इकडच्या तमाशात, ढोलकी वाजवायचा. त्याच्या थापेसाठी लोक दुसऱ्या गावाहून यायचे. एक दिवस त्याच्या पोरीचं बारसं होतं, त्याला लवकर घरी जायचं होतं, नेमका गोळा अडकला. पोरीचं नाव काय ठेवायचं यावरून त्याची आणि सासऱ्याची दोन दिवस कशी चालली होती, मोतीरामला कोणतं नाव हवं होतं, सासऱ्याला कोणतं, आत्यानं तिसरंच कसं काढलं, हे सगळं भिवाजीनं सावकाश सांगितलं. मोतीरामनं बटण बंद केलं आणि हात घातला. वीज बंद झाली होती, ढोल नव्हता थांबला. तेवढा जड ढोल, आपल्याच जोरानं फिरत राहतो. चार बोटं गेली. पुढं मोतीराम त्याच गिरणीत पाणी वाटायचा. ढोलकी त्यानं पुतण्याला देऊन टाकली.

गोष्ट संपली तेव्हा भिवाजी वळला. “पाहा,” तो म्हणाला. ढोल थांबला होता.

विजयमालानं ते सगळं लिहून घेतलं होतं, बारशासकट.

सुरुवातीला ती तसंच टाकायची, भिवाजीच्या बोलण्याच्या चालीनं, लांबलचक. खाली लिहायची, ‘सांगणारे: भिवाजी, कार्डिंग’. अंगठे यायचे चार, फार तर पाच. मयूर सरांनी तिला बोलावून घेतलं.

“छान आहे, पण कोणी वाचत नाही. फोनवर माणूस पाच ओळी वाचतो. मुद्दे काढा.”

“आणि भिवाजीकाकांचं नाव?”

“त्यांना चौपालवर खातं नाही ना. ठेक्याच्या लोकांना आपण देत नाही. ज्याला खातं नाही त्याचं नाव टाकलं की लोक विचारत बसतात, हा कोण. तुमच्या नावानं जाऊ द्या, लिहिता तुम्हीच ना.”

तिला ते खटकलं, पण फार नाही. लिहीत तीच होती, हे खरंच होतं. दोन-तीनदा नाव न टाकता लिहिलं तेव्हा मन चुकचुकलं, चौथ्यांदा नाही.

मुद्दे काढायला मात्र तिला मजा येऊ लागली. भिवाजीच्या तासाभराच्या बोलण्यातून पाच ओळी काढायच्या, एक फोटो लावायचा. अंगठे चाळीस झाले, साठ झाले. लोक खाली लिहायचे, ‘मॅडम एकदम बढिया’. दुसऱ्या पाळीचे लोक तिला ओळखू लागले. कापसाच्या गोळ्याबद्दलही तिनं असंच लिहिलं: मशीन बंद करा, झाकण उघडा, गोळा डावीकडून ओढा, उजवीकडून ओढू नका, झाकण लावून मशीन सुरू करा. बरोबर पाच ओळी. मोतीराम, बारसं, सासरा, सगळं गाळलं. गाळताना तिला वाटलंही की ढोलाचं काहीतरी टाकावं. मग वाटलं, ढोल थांबायच्या आधी हात कोण घालतो? एवढं तर कोणालाही कळतं. त्या पाच ओळींना ऐंशी अंगठे आले.

गिरणीच्या वार्षिक कार्यक्रमात तिला ‘ज्ञानमित्र’ म्हणून प्रमाणपत्र मिळालं आणि गेटजवळच्या फलकावर तिचा फोटो लागला. दुसऱ्या दिवशी भिवाजी तिच्या टेबलापाशी आला.

“तुमचा फोटो पाह्यला बाई. मस्त आला.”

“काका, ते तुमच्यामुळेच…”

“चांगलं झालं,” तो म्हणाला आणि गेला. त्याला पुढचं ऐकायचं नव्हतं की तिचंच वाक्य पूर्ण होत नव्हतं, हे तिला तेव्हा ठरवता आलं नाही. ठरवण्याचा तिनं प्रयत्नही केला नाही.

मार्चमध्ये ठेक्याच्या माणसांची नवी यादी करायची होती. माणसं कमी करा असं वरून आलं होतं. मयूर सरांच्या खोलीत चार जण बसले होते, विजयमाला हजेरीचे कागद घेऊन गेली होती. सरांचं बोट यादीवर भिवाजीच्या नावाशी थांबलं.

“कार्डिंगचं सगळं आलंय ना चौपालवर?”

“आलं सर. एकोणपन्नास पोस्ट झाल्या,” ती म्हणाली. स्वतःच्या कामाबद्दल कोणी विचारलं की माणूस जसा म्हणतो तसंच म्हणाली.

“म्हणजे यांच्याशिवाय चालेल?”

ती क्षणभर थांबली असेल. नंतर तिनं कितीतरी वेळा तो क्षण आठवून पाहिला, तिथं ती थांबली होती का, हे तपासायला.

“चालेल,” ती म्हणाली.

एकतीस मार्चला भिवाजी गेला. त्यानं खात्यात सगळ्यांना पेढे वाटले. तिच्या टेबलावरही एक ठेवला. ती त्या वेळी मुद्दाम स्टोअरमध्ये जाऊन बसली होती.

ऑगस्टच्या एका ओल्या दुपारी कार्डिंग खात्यातून आरडाओरडा ऐकू आला. विजयमाला पोहोचली तोवर गजेंद्रला उचलून गेटकडे नेत होते. पांढुर्ण्याजवळच्या सावरगावचा हा सव्वीस वर्षांचा माणूस दोन महिन्यांपूर्वीच गिरणीत लागला होता. तो आणि विजयमाला रोज एकाच बसनं यायचे. त्याच्या उजव्या हाताला कोणीतरी दुपट्टा गुंडाळला होता. चार नंबरच्या मशीनचं मागचं झाकण उघडं होतं. बाजूच्या लोखंडी पट्टीवर त्याचा फोन होता, स्क्रीन अजून विझली नव्हती. तिनं वाकून पाहिलं. तिच्याच पाच ओळी होत्या. वर तिचा फोटो, तिचं नाव.

सुपरवायझर म्हणत होता, “बटण तं बंद केलं होतं त्यानं. मीच पाह्यलं.”

उजव्या हाताची दोन बोटं गेली, पहिल्या पेरापासून.

त्या संध्याकाळी बस सुटायच्या आधी ती टेबलावर बसली आणि तिनं ती पोस्ट उघडली. उद्या सकाळी दुसरा कोणी वाचेल, त्याचाही हात जाईल. तिनं एक ओळ वाढवली: ‘ढोल पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये.’ आणि बदल जतन केला. खरंच तिच्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं. पुढं ती स्वतःला हे वारंवार सांगायची आणि दर वेळी तिचा स्वतःवरचा विश्वास थोडा कमी व्हायचा.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मयूर सरांनी त्या पोस्टचा कागद छापून आणला होता. फोनवर पोस्टच्या खाली बारीक अक्षरात ‘बदल केला’ असं दिसायचं, वेळेसकट. कागदावर ते आलं नव्हतं.

“सूचना स्पष्ट आहे,” सर म्हणाले. “ढोल थांबल्याशिवाय हात घालू नये. ते वाचूनही त्यानं घातला. यात आपण काय करणार?”

विजयमाला कागदांची फाइल छातीशी धरून उभी होती. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. दोन दिवसांनी गजेंद्रच्या घरी निष्काळजीपणाचं पत्र गेलं, सात दिवसांत खुलासा मागणारं. ते पत्र टाइप विजयमालानंच केलं.

रविवारी ती त्याला भेटायला सावरगावला गेली. जाम नदीच्या पलीकडे, चालत. गजेंद्र ओट्यावर बसला होता, हात उशीवर. तो तिला ताई म्हणायचा.

“ताई, एक विचारू काय? मी ते वाचलं होतं, तुमचं. दोनदा वाचलं होतं. त्याच्यात ढोलाचं नव्हतं ना लिहिलेलं?”

त्यानं डाव्या हातानं फोन उचलून तिच्यापुढं धरला.

“आता पाहतो तं हाय. बायको म्हणते, तूच घाईत नाही वाचलं असशील. तसंच असंल. मी रात्रंदिवस आठवून राह्यलो, पण मले ते ओळ आठवतच नाही. एवढी मोठी ओळ कशी काय सुटली माह्या नजरेतून?”

“तू आराम कर,” विजयमाला म्हणाली. एवढंच म्हणाली. परत येताना ती नदीच्या पुलावर थांबली. बोटं तर गेलीच होती त्याची, आता ती त्याच्याकडून त्याच्या डोळ्यांवरचा भरवसाही काढून घेत होती.

पांढुर्ण्याच्या बुद्धविहारात दर रविवारी संध्याकाळी वंदना असायची. विजयमालाचा आवाज मोठा म्हणून पंचशील तीच पुढं म्हणायची, बाकीचे मागून. त्या संध्याकाळी चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज बंद झाला. लोकांना वाटलं घसा बसला. शेजारी बसलेल्या मीनाबाईनं पुढचं म्हटलं. आई सुशीला मात्र तिच्याकडे पाहत राहिली.

घरी आल्यावर आईनं चहाही ठेवला नाही. समोर बसली.

“काय झालं?”

विजयमालानं सांगितलं. गोळ्याचं, बोटांचं, वाढवलेल्या ओळीचं, पत्राचं.

आईनं सगळं ऐकलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला ॲप म्हणजे काय ते कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

“तो पोरगा आता स्वतःलेच दोष देऊन राह्यला?”

“हो.”

“अन् तू त्याले देऊ देऊन राह्यली?”

विजयमाला रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं नाही. “उद्या कामावर जाशील ना,” ती म्हणाली, “तवा सांगून टाक. मले सांगून काय होते?”

पण उद्या तिच्यानं झालं नाही. परवाही नाही. नोकरीची भीती होती, फलकावरच्या फोटोची होती, आणि सगळ्यात जास्त भीती गजेंद्रच्या तोंडाकडे बघण्याची होती. बसमध्ये त्याची नेहमीची जागा रिकामी असायची आणि कोणी तिथं बसायचं नाही. अपघात होऊन नऊ दिवस झाले. खुलाशाची मुदत संपायला एक दिवस उरला तेव्हा ती दुपारची रजा टाकून रामाकोन्याला गेली.

भिवाजी घराच्या मागं गोठ्याच्या कुडाला बांबूचे तट्टे बांधत होता. एका जिनिंगमध्ये त्याला हंगामी काम मिळालं होतं, पण ते कापूस आल्यावर. तिला बघून त्यानं खाट झाडली.

तिनं गजेंद्रचं सांगितलं. त्याला कळलं नव्हतं. हातातली सुतळी त्यानं खाली ठेवली.

“किती बोटं?”

“दोन.”

“मोतीरामची गोष्ट टाकली नाई काय तुमी?”

“गाळली काका. लांब होत होती.”

“लांबच हाय ते,” भिवाजी म्हणाला. “मी मोजून केली हाय तेवढी. पहिले बारसं नव्हतं त्याच्यात. मोतीरामले पोरगीच नव्हती. गोष्ट लवकर संपे अन् ढोल फिरतच राहे, म्हणून मंग मी बारसं टाकलं. तरी कमी पडे, म्हणून सासरा टाकला. नव्या माणसाले ‘थांब’ म्हटलं तं तो थांबत नाई, बाई. तो दोन-चार आकडे मोजते अन् घालते हात. पण गोष्ट सांगून राह्यलो तं सोडून जाता येत नाई त्याले.”

विजयमालाला वाटलं होतं तो रागावेल, चार शब्द सुनावेल. त्यानं तसं काही केलं नाही. तिला ते जास्त जड गेलं. तिनं ज्याला गप्पा समजून कापून टाकलं, ते या माणसानं वर्षानुवर्षं तासून तासून बनवलेलं हत्यार होतं, आणि ते कुठल्या कामाचं आहे हे विचारायचंही तिला सुचलं नव्हतं.

“मी आता ती लिहिते,” ती म्हणाली. “तुमच्या नावानं. आणि मी काय केलं तेही.”

“तुमची नौकरी?”

“पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिनं चौपालवर लिहिलं. पाच ओळी नाही, चांगलं दीड पान. लिहिलं की अपघाताच्या दिवशी गजेंद्रनं जे वाचलं त्यात ढोलाची ओळ नव्हती. ती ओळ तिनं अपघातानंतर, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी वाढवली, ‘बदल केला’वर बोट ठेवलं तर जुनी पोस्ट कोणालाही दिसेल. लिहिलं की गजेंद्रची चूक नाही, त्याला गेलेलं पत्र चुकीचं आहे आणि ते तिनं स्वतः, माहीत असून, टाइप केलं. लिहिलं की तिच्या नावावरच्या एकोणपन्नास पोस्टमधलं सगळं भिवाजीचं आहे. मग खाली मोतीरामची गोष्ट टाकली, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, बारसं आणि सासऱ्यासकट, भिवाजीच्याच बोलीत.

अर्ध्या तासात मयूर सरांनी बोलावलं. ते उभेच होते.

“हे माझ्याकडे येऊन सांगता आलं असतं.”

“हो सर.”

“मग सगळ्या गिरणीसमोर का?”

“गजेंद्रला सगळ्या गिरणीनं निष्काळजी म्हटलं सर. तुमच्या खोलीत सांगितलं असतं तर ते तसंच राहिलं असतं.”

“तुमच्यावर कारवाई करावी लागेल,” सर म्हणाले. मग हळू आवाजात, “पाच ओळींचं मीच सांगितलं होतं.”

गजेंद्रचं पत्र त्याच आठवड्यात मागं घेतलं गेलं आणि अपघाताचे कागद नव्यानं झाले. बरं वाटल्यावर त्याला धागा तपासण्याच्या खोलीत काम दिलं, कायमचं. विजयमालाला लेखी ताकीद मिळाली, तिचं चौपालचं काम काढून घेतलं आणि तिची बदली स्टोअरमध्ये झाली. फलकावरचा फोटो कोणी काढला ते तिला कळलं नाही, एके सकाळी तिथं चार खिळे होते.

तिच्या त्या पोस्टखाली मात्र माणसं लिहीत राहिली. ठेक्याचे लोक दुसऱ्यांचे फोन मागून घेऊन लिहायचे, खाली आपलं नाव टाकायचे. कोणी लिहिलं, बेअरिंगबद्दल टाकलंय ते फक्त उन्हाळ्यात खरं, पावसाळ्यात आवाज वेगळा येतो. कोणी लिहिलं, तेलाची मात्रा लिहिलीय ती नव्या मशीनची, जुन्या मशीनला तेवढं टाकाल तर धागा काळा पडेल. एकोणपन्नासपैकी अकरा पोस्टमध्ये अशा काही ना काही गोष्टी गळाल्या होत्या. विजयमाला स्टोअरमध्ये बसून एकेक वाचायची आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की याच्यामुळे कोणाचं काही झालं असतं तर. दिवाळीनंतर मयूर सरांनी ठेक्याच्या लोकांनाही खाती उघडून दिली, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला आवाज भरून टाकायची सोय केली. आता चौपालवर वऱ्हाडी बोलणं ऐकू येतं, मागे मशिनी खडखडत असतात.

गजेंद्र परत बसनं येऊ लागला. पहिल्या दिवशी तो तिच्या शेजारी येऊन बसला.

“ताई, मले वाटलं होतं माहे डोळे खराब झाले.”

“माझ्यामुळे,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. रागानं नाही, पण ‘जाऊ द्या’ असंही नाही. मग त्यानं डाव्या हातानं खिशातून बसचा पास काढायची खटपट केली आणि तिनं मदतीला पुढं केलेला हात त्यानं मानेनंच नाही म्हणून मागं सारला. आता तो कधी तिच्याशी बोलतो, कधी पुढं जाऊन ड्रायव्हरशी.

जानेवारीत कार्डिंगच्या दोन मशिनी एकदम अडल्या तेव्हा मयूर सरांनी गाडी पाठवून भिवाजीला बोलावलं. दोन दिवसांसाठी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये तो एकटाच चहा पीत होता. विजयमाला त्याच्यासमोर जाऊन बसली. दीड पानाच्या त्या पोस्टमध्ये तिनं सगळं लिहिलं होतं, एक सोडून.

“काका, मार्चमध्ये तुमचं नाव यादीतून काढलं ना, तेव्हा मी तिथं होते. सरांनी मला विचारलं, यांच्याशिवाय चालेल का. मी चालेल म्हटलं.”

भिवाजीनं कप खाली ठेवला. कँटीनमध्ये पोह्यांच्या ताटल्या आपटण्याचा आवाज येत होता.

“कोणी सांगतलं होतं तसं म्हणायले?”

“नाही. मीच म्हटलं.”

“तुमी नाई म्हटलं असतं तं ठेवलं असतं काय त्यानं मले?”

तिला हो म्हणायचं होतं, म्हणजे सगळी चूक आपल्यावर घेता आली असती. नाही म्हणायचं होतं, म्हणजे थोडी सुटका झाली असती.

“माहीत नाही काका.”

“मले बी माहीत नाई,” भिवाजी म्हणाला. त्यानं उरलेला चहा संपवला, तोंड पुसलं आणि उठला. “कायमचं ये म्हणून राह्यले आता. नाई म्हटलं मी. जिनिंगवाले तं माणसं चांगले हाय.”

दारापर्यंत गेला आणि कार्डिंगकडे वळला. दोन नव्या पोरांना त्यानं मशीनपाशी बोलावलं होतं, ते वाट बघत उभे होते. विजयमाला स्टोअरमध्ये परतली. बेल्टच्या पेट्या आल्या होत्या, त्या मोजून घ्यायच्या होत्या. मोजताना तिचा आकडा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तिनं पहिल्या पेटीपासून सुरुवात केली.